मागची बाजू आधी

आमच्याकडे पहिला कलर टीव्ही आला त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांनी तो पुढून बघितला. आमच्या कंपनीतल्या बाईंनी मागून बघितला. ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई वाण वाटत होत्या, कुणी तिळगूळ खात होतं, कुणाला नाव घ्यायचा आग्रह चालला होता, आणि ह्या बाईंनी पदर खोचला, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढलं, प्लास्टिकच्या फुलांची परडी माझ्या हातात दिली आणि टीव्ही फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

"व्हिडिओ जोडायला जागा कुठाय ह्याला?"

"आमच्याकडे व्हिडिओ नाहीये हो, बाई."

"आज नाहीये. उद्या आणलास तर कशात जोडशील, माझ्या कपाळात?"

सासूबाईंच्या हातातलं वाण हातातच राहिलं. बाईंना त्याचं काही नव्हतं. मागचं सगळं त्यांनी बोट फिरवून वाचलं, "बरा आहे" म्हणाल्या, टीव्ही होता तसा केला आणि मग कुंकू लावून घ्यायला कपाळ पुढे केलं. त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ही बोलावलेली होती की दुरुस्तीला आलेली?" मी म्हटलं, बोलावलेली. मला तेव्हा लाजच वाटली होती, खोटं कशाला बोलू.

पण बाई तशाच होत्या. कुठलीही वस्तू पुढून बघायची त्यांना सवयच नव्हती. मिक्सर घ्या, फोन घ्या, देवघरातली दिव्यांची माळ घ्या, त्या आधी ती उलटी करणार. "पुढून काय बघायचं? पुढून सगळं विकायलाच ठेवलेलं असतं," असं म्हणायच्या. आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न, "कशाला जोडायचंय?" हा प्रश्न त्यांनी वस्तूंपुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. माझ्या नणंदेला एक स्थळ आलं, तेव्हा मुलाचं शिक्षण, पगार, उंची सगळं मी कौतुकाने सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मागे कोण कोण जोडलेलंय?" मुलाच्या मागे तीन धाकट्या बहिणी होत्या. ते मी सांगितलंच नव्हतं.

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोच्या मागे आमच्या कंपनीचा गाळा होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायचे कारखाने आहेत, त्यांच्यासाठी आमची कंपनी कंट्रोलर विकायची आणि दुरुस्त करायची. कंट्रोलर म्हणजे भिंतीवर लावलेली एक पेटी. पाणी किती तापवायचं, किती वेळ तसंच ठेवायचं, कधी गार करायचं हे ती पेटी मशीनला सांगते. पेटी बिघडली की आतल्या कापडाचं वाटोळं, एकीकडे गडद, एकीकडे फिकं. मी तिथे स्टोअर सांभाळायची. वायरी, फ्यूज, नटबोल्ट सगळं माझ्या ताब्यात. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, पॉलिटेक्निकमधून शिकून आलेल्या, आणि साइटवर जाणाऱ्या आमच्या कंपनीतल्या एकुलत्या एक बाई. त्यांना कुणाची नावं लक्षात राहायची नाहीत. मला त्या "स्टोअर" म्हणायच्या. "अगं स्टोअर, जेवलीस का?" हिशेब बघणारे गृहस्थ "अकाउंट". त्यांना फार राग यायचा. मी पहिल्यांदा चिडले, मग सवय झाली, आणि मग तर दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर चालायचं नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला त्या लागल्या, तेव्हा मालकांनी त्यांना सोल्डरिंगच्या टेबलावर बसवलं होतं. बायकांचे हात नाजूक, बारीक काम छान करतात, असं मालकांचं मत. मालक तसा वाईट माणूस नव्हता, पण मतं फार. बाईंनी वर्षभर सोल्डरिंग केलं आणि एके दिवशी साइटवर निघालेल्या टेम्पोत जाऊन बसल्या. ड्रायव्हर म्हणाला, उतरा. त्या म्हणाल्या, चल. मालक बाहेर आले, म्हणाले, "बाई, तिथे वाफ असते, ॲसिड असतं, सगळे पुरुष उघडे काम करतात." बाई म्हणाल्या, "मी मशीनला बघायला चाललेय, साहेब." त्या दिवशी बाई संध्याकाळी परत आल्या, साडीवर निळे डाग, केस वाफेने चिकटलेले, आणि चेहरा असा की माहेरी जाऊन आल्यात. त्यानंतर त्यांना टेबलावर बसवायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी असायची. त्यात डबा, छत्री आणि केबली. प्रत्येक केबल नीट गुंडाळून त्यांच्या मुलीच्या जुन्या शाळेच्या लाल रिबिनीने बांधलेली. ह्या केबली त्या कुणाला म्हणजे कुणाला द्यायच्या नाहीत. सर्व्हिसमधल्या एका पोराने एकदा मागितली तर म्हणाल्या, "हवं तर माझा नवरा घेऊन जा रविवारपर्यंत, केबल मिळणार नाही." त्यांचे यजमान बँकेत होते, अतिशय शांत. हा किस्सा मी त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "खरंच देईल हो ती." आणि चहा ठेवायला आत गेले.

बाईंचं हे मागून बघणं आम्हाला एकदा चांगलंच उपयोगी पडलं, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती टिंगल करतेय. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर उभे राहायला लागले होते आणि आम्हा नवरा-बायकोला तिथे फ्लॅट घ्यायचं वेड लागलेलं. बघायला बाईंना घेऊन गेलो. बिल्डरचा माणूस बाल्कनी दाखवत होता, डोंगर दाखवत होता, बाथरूमच्या टाइल्स दाखवत होता. माझा नवरा डोंगर बघून गारच झाला. बाई कुठे दिसेनात. बघतो तर खाली इमारतीच्या मागे चिखलात उभ्या, आणि नळाचा पाइप जमिनीतून कुठे जातो ते बघतायत. तो पाइप दहा पावलांवर संपत होता. पुढे काही नाही, नुसतं गवत. "हे कशाला जोडलेलंय?" त्यांनी विचारलं. तो माणूस म्हणाला, "जोडणार आहेत, मॅडम. पाइपलाइन मंजूर आहे." बाई म्हणाल्या, "मग आम्ही पण घेणार आहोत. जोडल्यावर." आम्ही घेतला नाही. त्या इमारतीतल्या लोकांनी पुढे किती वर्षं टँकरचं पाणी भरलं ते त्यांनाच विचारा.

आता मूळ गोष्टीकडे येते.

नव्वदनंतर आले ते नवे कंट्रोलर हट्टी. नुसतं पेचकस घेऊन गेलं की भागायचं नाही, त्यांना कॉम्प्युटर जोडायला लागायचा. मशीनबरोबर आलेली फ्लॉपी कारखान्याच्या कपाटात असायची, पण कॉम्प्युटर आपला न्यायचा. म्हणजे तो ढब्बू मॉनिटर, तो डबा, कीबोर्ड, सगळं गोधडीत गुंडाळून टेम्पोत घालायचं आणि डोंबिवलीत उतरवून मशीनपर्यंत उचलून न्यायचं. कारखान्यात जिने लोखंडी, ओले. बाई स्वतः उचलायच्या. पोरं हात लावायला गेली तर "पाडशील" म्हणायच्या. असं पाच-सहा वर्षं चाललं आणि मग व्हायचं तेच झालं. बाईंचा मणका गेला. दीड महिना पाठ जमिनीला लावून पडून होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही, आज नाही आणि पुढेही नाही.

परत कामावर आल्या तेव्हा मालकांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळ टेबल लावून ठेवलेलं. नवी खुर्ची, पंखा, फोन. "बाई, आता साइट पुरे. तक्रारी घ्या, पोरांना मार्गदर्शन करा." मालकांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते मी आजही सांगेन. पण बाईंचा चेहरा मी बघत होते. त्यांनी त्या खुर्चीला हातसुद्धा लावला नाही. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, लॅपटॉप घ्या. तो मी उचलू शकते."

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा काळ. लॅपटॉप म्हणजे विमानाने फिरणाऱ्या लोकांची वस्तू. पण मालकांना कल्पना आवडली. कंपनीचीही शान वाढणार होती. बाईंनी त्यांना एकच गोष्ट चारचारदा सांगितली. "बाकी काही असो नसो, मागे नऊ पिनांचा पोर्ट पाहिजे. कंट्रोलर फक्त त्याच्यातून बोलतो. तो नसेल तर मी साइटवर जाऊन उपयोग नाही." मालक म्हणाले, "लक्षात आहे हो." बाई म्हणाल्या, "मी येते दुकानात." मालक म्हणाले, "तुम्ही पाठ सांभाळा, मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं, हे विशेष. स्टोअरमध्ये माझ्याकडे आले, बाईंच्या केबलीसारखी एक केबल मागून घेतली, आणि तिचं टोक कागदावर ठेवून पेन्सिलने भोवती रेघ मारली. गावाला कुणासाठी चपला घ्यायच्या असल्या की पाऊल कागदावर ठेवून रेघ मारतात, तसं. तो कागद खिशात घालून ते दुकानात गेले. लॅपटॉपच्या मागे कागद धरून बघितला. आकार बरोबर जुळला. मालक खूश होऊन लॅपटॉप घेऊन आले आणि खंडेनवमीला पूजा करायची म्हणून खोका तसाच कपाटात ठेवून दिला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, पेढे, नारळ, सगळा स्टाफ चपला काढून उभा. त्या दिवशी मधल्या टेबलावर लाल कापड घालून लॅपटॉप ठेवला होता. काय सुंदर होता म्हणून सांगू. पाटीएवढा पातळ, चकचकीत. मालकांची बायको, मुलगी, शेजारच्या गाळ्यातली माणसं सगळी बघायला आलेली. तबक माझ्या हातात होतं. मालकांनी कुंकवात बोट बुडवलं आणि बाई म्हणाल्या, "थांबा."

सगळे थांबले.

"जरा उलटा करू दे, साहेब. मग लावा."

"बाई, पूजा होऊ दे. नंतर बघा काय बघायचंय ते."

"कुंकू लागलं की दुकानदार परत घेणार नाही."

पूजेच्या वेळी परत द्यायची भाषा. मालकांच्या बायकोने तर डोळेच मिटून घेतले. पण बाई पुढे झाल्या, लॅपटॉप फिरवला, वाकल्या. मग पिशवीतून केबल काढली, रिबीन सोडली आणि टोक लॅपटॉपला लावून बघितलं. नाही गेलं. त्यांनी जोर केला नाही. नुसतं लावून सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"हा मॉनिटरचा पोर्ट आहे, साहेब. बाहेरचा आकार तोच, पण ह्याला पंधरा छिद्रं, तीन ओळींत. मला पिना पाहिजेत, नऊ. माझ्या केबलला पण छिद्रं, ह्याला पण छिद्रं. कशात काय घालणार?"

मालकांनी खिशातून तो कागद काढला. तोच पेन्सिलीचा. बाईंना दाखवला. "मी मापून आणलाय."

तिथे जो तो खाली बघायला लागला. मला मालकांची फार दया आली. एवढं मन लावून केलेलं आणि चारचौघांत असं. बाईंनाही आली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "चूक कुणाचीही होईल, साहेब. पूजा जुन्या कॉम्प्युटरची करू. हा उद्या बदलून आणू. मी येते तुमच्याबरोबर."

ते जर त्या वेळी "बरं" म्हणाले असते तर. पण मालकांचा पारा चढला होता, आणि एकदा चढला की तो माणूस स्वतःचंही ऐकायचा नाही. त्यांनी बोट पुढे केलं आणि लॅपटॉपच्या झाकणावर हे एवढं मोठं स्वस्तिक काढलं. हळद वाहिली, अक्षता टाकल्या. "लागलं कुंकू," ते म्हणाले. "आता हाच. साइटवर पोरं जुना कॉम्प्युटर नेतील, त्यांच्या पाठी मजबूत आहेत. तुमचं टेबल खिडकीशी आहे, बाई."

बाईंनी केबल गुंडाळली, रिबीन बांधली. पेढा दिला तो खाल्ला. आणि जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. मी स्टोअरमध्ये गेले आणि दार लावून रडले, मालकांच्या नावाने काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतरचे दिवस काही खरे नव्हते. डोंबिवलीहून फोन यायचे, बाई तक्रार घ्यायच्या, पोरं जायची. कधी फोनवरच्या ऑपरेटरला म्हणायच्या, "रिसीव्हर मशीनपाशी धर रे जरा," आणि डोळे मिटून ऐकायच्या. "पंप हवा खातोय," म्हणायच्या. तेच निघायचं. पण फोन ठेवला की परत खिडकी. डबा अर्धा उरायला लागला. वस्तू मागून बघणं बंद झालं. कॅन्टीनमध्ये नवा वॉटर कूलर आला तर त्याच्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही. तेव्हा मी हादरले. आणि तो लॅपटॉप मालकांच्या केबिनमध्ये, कपाळावर कुंकू घेऊन बसलेला. दुपारी मालक त्याच्यावर पत्ते खेळायचे.

दिवाळी झाली. एका शनिवारी अर्धा दिवस संपल्यावर बाई माझ्या खिडकीशी आल्या. "स्टोअर, चल. नौपाड्यात जायचंय."

"कशाला?"

"लॅपटॉप घ्यायला."

"मालकांनी बदलायचा ठरवला?"

"मालक कशाला? मी घेतेय. माझा."

लॅपटॉप म्हणजे काय भाजी आहे? पण त्यांचं घरी बोलणं झालेलं होतं. यजमान म्हणे एवढंच म्हणाले, "त्या टेबलावर बसलेली तू मला बघवत नाहीस." झालं.

दुकान वातानुकूलित, चपला बाहेर काढायच्या. टाय लावलेला पोरगा पुढे आला आणि त्याने अगदी तसलाच पातळ लॅपटॉप काढला. "लेटेस्ट आहे, मॅडम. वजन बघा, किती स्लिम."

"उलटा कर," बाई म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माणसं घरी परत आल्यावर वाटतं तसं.

त्याने एकामागून एक उलटे करून दाखवले. बाई प्रत्येकाला नको म्हणत गेल्या. पोरगा शेवटी म्हणाला, "मॅडम, ते जुने पोर्ट आता कंपन्या काढून टाकतायत. हे बघा यूएसबी. पुढे सगळं ह्याच्यातच येणार. जमाना बदलतोय."

"बदलू दे की. डोंबिवलीतलं मशीन बदललेलं नाहीये. यूएसबी असला तर राहू दे, पण आमच्याकडचं कुणी अजून त्याला ओळखत नाही."

"कन्व्हर्टर येतो, मॅडम. सिंगापूरहून मागवून देतो."

"तो आला की त्याला विक. मला आज काम करायचंय. आत काही जुनं पडलंय का?"

पोरगा जरा शरमला. मग आतून एक खोका काढून आणला. राखाडी, जाडजूड, झाकणावर ओरखडा. "डेमो पीस होता. मागच्या वर्षीचं मॉडेल. हा कुणी घेत नाही."

बाईंनी तो स्वतः फिरवला. स्टुलावर बसल्या, तो मांडीवर घेतला आणि मागची एकेक झडप उघडायला लागल्या. "हा बघ. नऊ पिनांचा. हा नाही तर मी घरी बसून भाकऱ्या थापायच्या. हा लांबुडका प्रिंटरचा. रंगाचं काम बघणाऱ्या डाय-मास्टरला कागद हातात लागतो, पडद्यावरचं तो खरं मानत नाही. हा गोल, कीबोर्डचा. हा पण पाहिजे."

"कीबोर्ड तर आहे ना ह्याला?" मी विचारलं.

"आणि मास्टर रंगाच्या हातांनी बटणं दाबेल तेव्हा? बाहेरचा जुना कीबोर्ड लावून देईन, काय निळा-पिवळा करायचाय तो कर म्हणावं."

"हा मॉनिटरचा तरी नको. ह्यानेच घात केला."

"त्याचा काय दोष गं? साइटवर पडदा फुटला तर कारखान्याच्या ऑफिसातला मॉनिटर ह्याला लावून काम पुरं होईल. असू दे. टेलिफोनचा मात्र नसता तरी चाललं असतं. कारखान्यात फोन तिथल्या मालकाच्या केबिनमध्ये कुलपात असतो." मग त्यांनी पिशवीतून केबल काढली आणि नऊ पिनांच्या पोर्टात घातली. गेली. पण तेवढ्यावर भागलं नाही. दोन्ही बाजूंचे स्क्रू त्यांनी पिळून बसवले आणि केबल धरून चांगली हिसडली. पोरगा "अहो मॅडम" म्हणेपर्यंत लॅपटॉप अर्धा उचलला गेला. "तिथे जमीन हादरत असते," बाई त्याला म्हणाल्या. "स्क्रू धरले नाहीत तर कामाच्या मध्येच निसटेल." शेवटी तो छातीशी धरून उभ्या राहिल्या, दुकानात दोन चकरा मारल्या, थांबल्या, पाठीचं काय म्हणणं आहे ते जणू ऐकलं. "जमतंय," म्हणाल्या. "बांध."

सोमवारी त्या राजीनामा घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, मी पावती घेऊन बाहेर उभी. मालक म्हणाले, "सोडून कुठे जाणार तुम्ही, ह्या वयात?"

"डोंबिवलीला."

"तिथे तर रोज जाताच."

"रोज घरी जाते, साहेब. आता कामाला जाईन."

मालक म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्हाला आराम मिळेल." मनापासून म्हणाले. बाई म्हणाल्या, "माहितीये मला." आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मला वाटतं, मालकांना तो नमस्कार झेपला नाही. त्यांनी कुंकवाच्या लॅपटॉपचं झाकण उगाचच उघडलं आणि मिटलं.

पुढचे काही आठवडे काही घडलं नाही. बाईंनी कारखान्यांना सांगून ठेवलं होतं, पण नवीन माणसाला, त्यातून एकट्या बाईला, कोण बोलावतंय? मला धास्ती लागली. मी दर रविवारी ठाकुर्लीहून डोंबिवलीला त्यांच्याकडे जायची आणि जिना चढताना मनात म्हणायची, आज तरी काहीतरी आलेलं असू दे. लॅपटॉप टेबलावर तयार. केबली तयार. बाई म्हणायच्या, "येईल गं." यजमान चहा करायचे.

अशाच एका रविवारी चहा चालू असताना दारात एक म्हातारा डाय-मास्टर येऊन उभा राहिला. इथल्याच गावातला, आगरी माणूस, अंगातला शर्ट जांभळा की पांढरा ते कळत नव्हतं. धापा टाकत होता. "बाय, मशीन बंद परली. कापर आत हाय." कंपनीत फोन केला तर सुट्टी, पोरं उद्या येणार. तोवर आतला माल गेला, आणि त्याचबरोबर बहुतेक मास्टरची नोकरीही.

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "येतेस?"

कारखान्यात मी पहिल्यांदाच गेलेले. वाफेने पुढचं दिसत नव्हतं, पायाखाली रंगीत पाणी, आणि ते अजस्र मशीन गप्प उभं होतं. मास्टरने एक स्टूल पुसून दिलं. बाईंनी लॅपटॉप मांडीवर घेतला, केबल जोडली, दोन्ही स्क्रू पिळले. मास्टरने कपाटातली फ्लॉपी आणून दिली. पडद्यावर काहीच नव्हतं. नुसती एक रेघ लुकलुकत होती. मी हात जोडून उभी होते, कुठल्या देवाला ते आठवत नाही. बाईंनी एक बटण दाबलं, वाट पाहिली, परत दाबलं. आणि आकडे आले. खालून वर, ओळीमागून ओळ, सरसर सरकत आले. बाईंनी त्यातली एक ओळ बोटाने थांबवल्यासारखी धरली, काहीतरी पुसलं, काहीतरी घातलं, आणि मास्टरला म्हणाल्या, "कर चालू."

आधी नुसतं घरघरलं. मग पंप लागला, जमीन हादरायला लागली, आणि काचेच्या गोल खिडकीतून दिसलं, आतलं कापड हलायला लागलं होतं, निळंशार, एकसारखं. मास्टरने डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं. "झाला, बाय, झाला," एवढंच म्हणत राहिला. मी तर रडतच होते, मला लाज नाही सांगायला.

बाईंनी सगळं आवरलं. मास्टर कुणाला तरी चहा आणायला पिटाळत होता. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, घरी सासूबाई वाट बघत असणार म्हणून मी चुळबुळ करत होते. बाई स्टुलावरून उठायचं नाव घेईनात. मांडीवर बंद केलेला लॅपटॉप, त्याच्यावर दोन्ही हात, डोळे त्या गोल खिडकीवर.

"बाई, झालं ना काम? निघू या ना?"

"बस गं जरा," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी चालू मशीनजवळ बसलेय."

मी एक ड्रम ओढला आणि त्यांच्या शेजारी बसले.